जिन्याखालची तिसरी हाक

आमच्या कोर्टात पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्याला सगळे तीनहाके म्हणायचे. नवीन वकिलांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकाने तर चिठ्ठीवर 'श्री. तीनहाके यांस' असं लिहून पाठवलं होतं आणि त्यांनी ती चिठ्ठी गंभीर चेहऱ्याने घेतली होती. मी त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे तीनहाके. मी त्या कोर्टात स्टेनो आहे. साहेब बोलतात ते उतरवून घ्यायचं आणि टाईप करायचं, एवढंच माझं काम. लोकांच्या भानगडीत मी पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते.

आमचं कोर्ट कंपन्या गुंडाळायचं. ही कंपनी आता चालण्यासारखी नाही, ती बंद करा, असा कोणीतरी अर्ज करतो. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जाबदार. त्याने यायलाच हवं असं नाही, पण त्याला बोलवायला मात्र हवंच. प्रकरण निघालं की तीनदा हाक मारायची. तिन्ही हाकांना कोणी आलं नाही, तर त्याच्या माघारी निकाल. या तीन हाकांवर किती लोकांचं किती काय अवलंबून असतं, याचा विचार मी अकरा वर्षांत एकदाही केला नव्हता. काका रोज करायचे.

शेजारच्या कोर्टातला पट्टेवाला तिन्ही हाका दारातच, एका दमात मारून मोकळा व्हायचा. काकांची रीत निराळी. पहिली हाक दारात. मग मनात वीस अंक मोजायचे. दुसरी जिन्याच्या तोंडाशी, कठड्यावर ओणवं होऊन, खाली तोंड करून. पुन्हा वीस अंक. आणि तिसरी हाक मारायला ते बत्तीस पायऱ्या उतरून आवारात जायचे. तिथे पत्र्याची शेड होती, पाण्याची टाकी होती आणि पलीकडे मुतारी. हाक मुतारीच्या भिंतीपलीकडे जाईल इतकी खणखणीत असायची.

"माणूस कोर्टात आला की घाबरून आधी तिकडे पळतो, ताई," ते म्हणायचे. "हाक तिथवर जायला नको?"

बायकांच्या बाजूला कोणी असेल तर ते झाडूवालीला आत पाठवायचे. कंपनीच्या नावाने हाक मारायची असली की आणखी काळजी. "कंपनीला कान नसतात. लोकांना वाटतं, मी कुठल्या तरी इमारतीचं नाव घेतोय. म्हणून हाक मारताना तोंडं बघायची. कोण दचकतं ते." आणि खरोखरच ते दचकलेल्या माणसाला बखोटीला धरल्यासारखं वर घेऊन यायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या हाकेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. त्यांना ताप होता म्हणून ते अर्ध्या दिवसात सुटले होते आणि मला त्याच बाजूला जायचं होतं. सरकारी वसाहतीत मागच्या इमारतीत दीड खोली. दारापाशी पोचल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलपाला लावायच्या आधी दोन बोटांनी दारावर टकटक केलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

"सवय. न सांगता एकदम कोणाच्या घरात शिरू नये."

"अहो काका, घर तुमचंच आहे ना?"

"आहे की. पण दिवसभर मी नसतो."

मी पोट धरून हसले. तेही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र मला कसंतरीच झालं.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्नानंतर दूर देशी गेली होती, आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिथे सकाळ असते इतक्या दूर. आधी ती दर रविवारी फोन करायची. मग एक रविवार सोडून एक. मग वाढदिवसाला. मुलगी वाईट नव्हती. तिला नोकरी होती, घर होतं, दोन मुलं होती आणि हात दोनच होते. कोर्टात फोन बंद ठेवायचा नियम आहे. काकांचा फोन शर्टाच्या डाव्या खिशात थरथराटावर चालू असायचा. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. तो कधी वाजतच नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

ती बाई आली त्या दिवशी आमच्या यादीत साठच्या वर प्रकरणं होती. साहेब नवीन होते, कामाचा उरक भारी. बाई सव्वादहालाच हजर. पन्नाशीची, बोटांना सरस वाळून त्याची पापुद्री झालेली, काखेत कापडी पिशवी. चष्म्याची घरं बनवायचा तिचा छोटा कारखाना. ती आणि तिचा भाऊ, दोघंच संचालक. चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. भावाने अर्ज केला होता की कंपनी नावालाच उरली आहे, आत काहीच चालत नाही, ती गुंडाळावी. बाईचं म्हणणं होतं की आत सात माणसं रोज काम करतात आणि आठवी ती स्वतः. हे सांगायला तिने वकील दिला नव्हता.

"मीच बोलणार आहे," ती काकांना म्हणाली. "कधी लागेल नंबर?"

"सदतिसावा आहे तुमचा. वेळ लागेल." काकांनी तिच्या पायाकडे पाहिलं. गुडघ्याला पट्टा होता. "इथे बसायला बाक नाही. खाली शेडमध्ये बसा निवांत. तिसरी हाक मी खाली येऊन मारतो."

"ऐकू येईल ना?"

"माझी हाक आजवर कोणाची चुकलेली नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सदतीस नंबर निघाला तेव्हा साडेबारा होत आले होते. काकांनी दारात हाक मारली. मग जिन्याकडे गेले, दुसरी हाक अस्पष्ट ऐकू आली. तिसरी हाक आम्हाला आत कधीच ऐकू येत नाही, ती आवारात असते. आता माझ्याबद्दल. आदेशातलं पहिलं वाक्य, 'तीनदा पुकारा करूनही जाबदार गैरहजर', माझ्याकडे तयारच असायचं. ज्या प्रकरणात समोरचा वकील दिसत नाही तिथे मी ते सकाळीच चिकटवून ठेवायची. जाबदार आलाच तर खोडायचं. तेवढाच वेळ वाचतो. त्या दिवशी काकांनी पहिली हाक मारायच्या आधीच माझ्या कागदावर तिन्ही हाका मारून झाल्या होत्या.

चार-पाच मिनिटांनी काका दारात आले. साहेबांनी वर पाहिलं. काकांनी नेहमीसारखी नकारार्थी मान हलवली. पहिल्या रांगेत बसलेला भाऊ मागे वळून दाराकडे बघत होता. साहेबांनी आदेश सांगितला, मी उतरवला, आणि सात माणसांचा कारखाना मोडीत काढायला सरकारी अवसायक नेमला गेला. अडतिसावा नंबर निघाला.

मधल्या सुट्टीत बाई एकेक पायरी चढत वर आली. "सदतीस नंबर कधी निघायचा?"

"निघाला," मी म्हणाले. "निकाल झाला."

"कसा झाला? मी खालीच बसलेय हो. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही." तिने काकांकडे पाहिलं. "तुम्ही येणार होतात ना खाली?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, वय झालं, बाई कानाने कमी ऐकत असेल. असं वाटणं सोयीचं असतं. काका म्हणाले, "अर्ज करा. आदेश मागे घ्या म्हणून अर्ज करा. मी खाली बसले होते, असं लिहा."

"आणि त्यावर विश्वास कोण ठेवणार?"

काका तिची पिशवी उचलून तिच्याबरोबर बत्तीस पायऱ्या उतरून गेले.

बाईने अर्ज केला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते, तर काका समोर येऊन उभे. हातात रेघी वहीचा फाडलेला कागद.

"ताई, एवढं टाईप करून द्या. प्रतिज्ञापत्र आहे."

मी वाचलं. सदर तारखेस मी दोनच हाका मारल्या, तिसरी हाक वैयक्तिक कारणामुळे मारली नाही, तरीही साहेबांनी पाहिलं तेव्हा मान हलवली. मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"काका, कशाला ओढवून घेता? सहा महिने राहिलेत निवृत्तीला. त्या भावाचा वकील तुमचा पार चेंदामेंदा करेल. आणि कोणाला कळणार आहे?"

"तेच तर," ते म्हणाले. "ज्याला हाकच मारली नाही, त्याला कसं कळणार की मारली नाही? फक्त मलाच ठाऊक आहे. मी बोललो नाही तर ती बाई खोटी ठरते."

"वैयक्तिक कारण म्हणजे काय?"

"तेवढंच टाईप करा."

मी टाईप केलं. माझ्या त्या तयार वाक्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

पंधरा दिवसांनी बाईच्या अर्जाची सुनावणी होती. भावाच्या वकिलाने उभं राहून माझंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. तीनदा पुकारा झाल्याचं खुद्द कोर्टाच्या कागदात आहे, म्हणाला, आणखी काय पुरावा हवा? माझे कान तापले. बाई उभी राहून एवढंच म्हणाली, "मी खाली होते." दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच. मग साहेबांनी काकांची साक्ष घ्यायची ठरवली.

साक्षीदाराला रीतसर हाक मारावी लागते. त्या दिवसापुरता शेजारच्या कोर्टातला पट्टेवाला आमच्याकडे दिला होता. काका दाराबाहेर, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे. त्याने काकांचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. काका जागचे हलले नाहीत. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा मारली. काका समोर भिंतीकडे बघत उभेच. तिसरी तर त्याने जवळजवळ त्यांच्या कानातच मारली. तेव्हा ते म्हणाले, "हजर," आणि आत आले. मला वाटलं, घाबरलेत.

एकतीस वर्षं ज्या पिंजऱ्यात त्यांनी दुसऱ्यांना आणून उभं केलं, त्यात ते पहिल्यांदाच चढत होते. लाकडी पायरीला ठेच लागली.

"तिसरी हाक का मारली नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"फोन आला होता, साहेब."

"कामाच्या वेळी?"

"चूक झाली."

"कोणाचा फोन?"

"मुलीचा. परदेशात असते."

"काही तातडीचं होतं?"

"नाही, साहेब."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"चुकून लागला होता. तिच्या खिशात दाबला गेला असणार. तिला माहीतच नाही की लागलाय." काका कठडा धरून उभे होते. "मी जिन्याच्या तोंडाशी होतो. हॅलो म्हणालो, दोनदा म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही."

"मग बंद का केला नाहीत? पाच मिनिटं काय ऐकत होतात?"

"घर, साहेब."

माझ्या टंकलेखनाचा आवाज मलाच बोचला. मी थांबले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "सांगा."

"नळ चालू होता. धाकट्याचा बूट सापडत नव्हता, तो रडत होता. ती म्हणाली, कपाटाखाली बघ. मग कोणीतरी हसलं. मग दार बंद झालं आणि चालायचा आवाज आला. तिच्या चपलांचा. मग कट झाला. मी परत दाराशी आलो तेव्हा माझं डोकं तिकडेच होतं. तुम्ही पाहिलंत आणि मान आपोआप हलली. बाई वर आल्या तेव्हा लक्षात आलं की मी खाली गेलोच नव्हतो. त्यांना मीच खाली बसवलं होतं, साहेब. हाक मारतो म्हणून सांगितलं होतं."

भावाचा वकील उलटतपासणीला उठला. त्याने कागद चाळला, पुन्हा चाळला आणि म्हणाला, "काही प्रश्न नाहीत." मागे बसलेल्या भावाने त्याची बाही ओढली होती, ते मी पाहिलं.

तेव्हा मी उभी राहिले. स्टेनोने उभं राहायचं नसतं. मी साहेबांना सांगितलं की ते वाक्य मी सकाळीच टाईप करून ठेवलं होतं, तो कागद पुरावा म्हणून धरू नका. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हेही लिहून घ्या." म्हणून माझी चूक मी स्वतःच्याच हाताने टाईप केली.

आदेश मागे घेतला गेला. जाबदाराला हाक पोचली नाही, सबब तिचं ऐकून घेतल्याशिवाय झालेला निकाल टिकू शकत नाही, असं साहेबांनी लिहिलं. नव्याने सुनावणी झाली त्या दिवशी बाई शेडमध्ये बसली नाही. सकाळपासून पहिल्या रांगेत भिंतीशी बसून होती. तिने पिशवीतून दोन चष्म्याची घरं काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी एक उघडलं, मिटलं, टक्कन आवाज झाला. त्यांनी ते आणखी तीनदा उघडून मिटलं. बाई पाऊण तास बोलली. वडिलांनी यंत्र कसं आणलं, कोणता कामगार कधीपासून आहे, साच्याचा खिळा निघाला की काय करायचं. मध्येच चुकून भावाला 'दादा' म्हणाली आणि अडखळली. भाऊ मान खाली घालून ऐकत होता.

निकाल तिच्या बाजूने लागला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोघांत एकमत होणं शक्य नाही, कंपनी अशी चालू शकत नाही, असंच साहेबांना वाटलं. कंपनी गुंडाळली गेली. पण सहा महिन्यांची मुदत मिळाली, सातही कामगारांची नावं आदेशात आली आणि त्यांची सोय लागल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही असं ठरलं. मागच्या खेपेला निकाल अर्ध्या पानाचा होता. या वेळी चार पानं तिचंच बोलणं होतं.

जाताना ती काकांना शोधत आली. "हरले," म्हणाली. "पण हजर राहून हरले." चष्म्याचं एक घर तिने त्यांच्या हातात ठेवलं. काका चष्मा लावत नव्हते. तरी त्यांनी घेतलं.

काकांना खात्याची नोटीस निघाली, त्यांचंही म्हणणं रीतसर ऐकून घेतलं गेलं आणि ताकीद मिळाली. मलाही मिळाली. त्यांना पुकाऱ्यावरून काढून जिन्याखालच्या दप्तराच्या खोलीत टाकलं. तिथे कोणाला हाक मारायची नसते. जुने कागद गठ्ठ्यांत बांधून पडलेले असतात. दुपारी वरून मी डोकावले तर त्यांची पाठ दिसायची, एकटीच, पिवळ्या दिव्याखाली. डबा खायलाही ते वर यायचे नाहीत.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी एक जुनी फाईल आणायला खाली गेले. त्यांनी ती लगेच काढून दिली. मला दोन गोष्टी विचारायच्याच होत्या.

"मुलीला सांगितलंत का काका? तो फोन लागल्याचं?"

"छे."

"का?"

"सांगितलं तर ती फोन जपून ठेवायला लागेल."

मी फाईलवरची धूळ उगाचच पुसत राहिले. "आणि साक्षीच्या दिवशी? दारातच तर उभे होतात. तिसऱ्या हाकेपर्यंत का थांबलात?"

त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "आमची ही गेल्यापासून मला नावाने कोणी हाकच मारली नव्हती, ताई. तुम्ही काका म्हणता, बाकीचे तीनहाके. त्या दिवशी त्याने पूर्ण नाव घेतलं. पहिल्याच हाकेला ओ दिली असती तर तिथेच संपलं असतं."

फाईल घेऊन बत्तीस पायऱ्या चढले. कोर्टात साहेब वाट बघत होते. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर मी थांबले, कठड्यावर ओणवी झाले, खाली तोंड केलं आणि काकांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारली.

ओ आली नाही. येणार नाही हे मला ठाऊक होतं. मी मनात वीस अंक मोजले आणि दुसरी हाक मारली. पुन्हा वीस मोजले. मग फाईल कठड्यावर ठेवली आणि तिसरी हाक मारायला पायऱ्या उतरू लागले.